मागच्या सीटला विचारून शॉकअप घ्या

दारव्ह्याहून आमच्या गावी यायला १४ किलोमीटर. त्यातले ९ डांबरी, उरलेले फक्त कागदावर डांबरी. खाली काळी, कपाशीची जमीन. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते आणि वरचा रस्ता तिच्या मर्जीने वरखाली होतो. खड्डे बुजवले तरी लाटा राहतातच. या रस्त्यावरून मी महिन्यातून दोनदा आईला मागे बसवून दवाखान्यात नेतो. गाडी १०० सीसीची, अकरा वर्षांची, मागे दोन शॉकअप.

तीन वर्षांपूर्वी आईच्या कमरेचा विचार करून मी एका दुकानातून 'हेवी ड्युटी' शॉकअपची जोडी बसवून आणली. दुकानदाराने सीटवर दोन्ही हातांनी जोर दिला, सीट हलली नाही, मी खूश. दुसऱ्या दिवशी आईला घेऊन निघालो तर पहिल्याच गतिरोधकावर ती सीटवरून चार बोटं वर गेली आणि औषधांची पिशवी रस्त्यावर. घरी उतरल्यावर म्हणाली, "बापू, पहिलेचंच बरं होतं. हे तं गड्ड्यातून निंघतानी फेकते मले."

त्या एका वाक्यात शॉकअपची अर्धी विद्या होती. मला ती कळायला आणखी दोन जोड्या लागल्या. तुम्ही पहिल्यांदाच या भानगडीत पडत असाल तर खालचं सगळं करून मगच दुकानात जा. कदाचित जायची गरजही पडणार नाही.

तक्रार कोणती, ते आधी ठरवा

चालवणाऱ्याला मागचा शॉकअप अर्धाच कळतो. तो दोन चाकांच्या मध्ये बसतो, हँडल धरून असतो, समोरचा खड्डा दिसला की नकळत अंग सावरतो. मागचा माणूस जवळपास मागच्या चाकाच्या डोक्यावर बसतो आणि त्याला दिसते ती तुमची पाठ. आपल्याकडे आई, काकू, मावशी एका अंगाने बसतात, म्हणजे दोन्ही पाय रोवून तोल धरायचीही सोय नाही. तेव्हा विचारायचं त्यांनाच. "बरं वाटते का?" असं विचारलं तर "हो" म्हणतील आणि विषय संपेल. विचारायचं असं: दणका कधी बसतो, चाक खड्ड्यात उतरल्यावर की बाहेर निघाल्यावर?

खड्ड्यात उतरल्यावर खालून 'टक्' असा कोरडा दणका बसत असेल तर शॉकअप पूर्ण दबून तळाला लागतो आहे. कधीकधी टायर मडगार्डला आतून घासल्याच्या खुणाही दिसतात. म्हणजे स्प्रिंग वजनाला पुरत नाही, किंवा ती नीट लावलेली नाही.

बाहेर निघताना वर फेकत असेल तर स्प्रिंगला आवरणारं कोणी उरलेलं नाही. शॉकअपमध्ये दोन गडी काम करतात. स्प्रिंग वजन पेलते. आतल्या नळीतलं तेल बारीक भोकांतून इकडून तिकडे जाताना स्प्रिंगचा उड्या मारायचा स्वभाव मोडून काढतं. सील गेलं, तेल गळलं की स्प्रिंग मोकाट सुटते. माझ्या त्या 'हेवी ड्युटी' जोडीत तेल गळलेलं नव्हतं. स्प्रिंग पैलवान आणि तेलाची नळी मात्र पोरसवदा, एवढाच घोळ होता.

तिसरी तक्रार बारीक थरथराटाची. गिट्टीच्या रस्त्यावर दात वाजतात. तिथे बहुतेक वेळा शॉकअपआधी टायरमधली हवा तपासायची. आणि वळणावर मागचा भाग माशाच्या शेपटीसारखा हलत असेल तर चिमट्याचे (मागचं चाक दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या, वरखाली हलणाऱ्या लोखंडी दांड्यांचे) बुश, म्हणजे सांध्यातल्या नळ्या, चाकाचं बेअरिंग, टायर हे बघा. त्यावर नवा शॉकअप घालणं म्हणजे खिळखिळ्या खाटेवर नवी गादी टाकणं.

पैसे लागत नाहीत ती कामं आधी

हवा. चेनकव्हरवर किंवा चिमट्यावर स्टिकर असतो, त्यात मागच्या टायरचे दोन आकडे असतात: एकट्यासाठी कमी, डबल सीटसाठी जास्त. स्टिकर उडाला असेल तर मॅन्युअलमध्ये सापडतो. पंपावरचा पोरगा विचारतो, "किती भरू?" आणि आपण म्हणतो, "भर ना अंदाजानं." अंदाज बंद करा. आणि हवा भरायची टायर थंड असताना. मे महिन्यात दुपारी ४५ अंशांत तापलेल्या टायरवर काटा वर दाखवतो.

चिमटा. गाडी डबल स्टँडवर घ्या, मागचं चाक दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे ओढा. 'कटकट' जाणवली तर बुश गेले. तेच आधी बदला.

पायऱ्या. शॉकअपच्या खालच्या बाजूला स्प्रिंगखाली खाचांची एक गोल कडी असते. बहुतेक साध्या गाड्यांना पाच खाचा. गाडीच्या पान्यांच्या पिशवीत एक वाकडा हुक पाना येतो, तो या कडीसाठीच. कडी वरच्या खाचेवर नेली की स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवली जाते आणि गाडीची मागची बाजू वर उचलली जाते. डाव्या-उजव्या दोन्ही शॉकअपची खाच एकच हवी. आई डाव्या अंगाला पाय सोडून बसते म्हणून डावीकडची एक खाच जास्त, असा सल्ला मला एका शहाण्याने दिला होता. तो ऐकू नका. दोन्ही शॉकअप एकाच चिमट्याला जोडलेले असतात. एका बाजूने जास्त रेटा दिला तर चिमट्याला पीळ बसेल, दुसरं काही नाही.

इथे एक गैरसमज गावोगाव पसरलेला आहे: खाच वाढवली की शॉकअप 'हार्ड' होतो. स्प्रिंग तीच राहते. एक मिलिमीटर दाबायला तिला जेवढं वजन आधी लागायचं तेवढंच आताही लागतं. बदलते ती गाडी कुठून दबायला सुरुवात करते ती जागा. त्यामुळे तळाला लागण्याआधी जास्त अंतर हाताशी राहतं, एवढा फायदा. तो फुकट मिळतो, घ्या.

फूटपट्टी घ्या आणि अंगणात उभे राहा

हे काम कोणताही दुकानदार तुमच्यासाठी करणार नाही, आणि याच्याशिवाय केलेली खरेदी म्हणजे मटका. लागतं काय? गवंड्याचा टेप, चिकटपट्टीचा तुकडा, तिसरा एक माणूस.

आमच्याकडे तिसरा माणूस म्हणजे माझा भाचा, सातवीतला. मागच्या चाकाच्या आसाचा नट आणि त्याच्या बरोब्बर उभ्या रेषेत वर, सीटखालच्या पॅनलवर, चिकटपट्टी लावून पेनाने खूण केली. पहिलं माप गाडी डबल स्टँडवर, चाक अधांतरी असताना: ५१५ मिमी. मग गाडी स्टँडवरून उतरवून, रिकामी सरळ धरून: ५०४. मग मी एकटा, दोन्ही पाय फुटरेस्टवर, समोरून भाऊ हँडल धरून उभा: ४८६. मग आई बसली, नेहमीसारखी एका अंगाने, मांडीवर पिशवीसकट. भाचा उकिडवा बसून टेप लावतोय, आई त्याला म्हणतेय, "मोजून राहिला का माह्या चपला पाहून राहिला?" आकडा आला ४६३.

पहिल्या मापातून बाकीची वजा करा. रिकामी गाडी ११ मिमी बसते, मी बसल्यावर २९, दोघं बसल्यावर ५२. माझ्या गाडीच्या मागच्या चाकाला वरखाली जायला साधारण ८० मिमी मिळतात. म्हणजे आई बसल्याबरोबर, गाडी जागची हललेली नसताना, दोन तृतीयांश वाट संपलेली. खड्ड्यासाठी उरले २८ मिमी. अंगठ्याच्या एका पेराएवढे.

एकट्याने बसल्यावर साधारण तिसरा हिस्सा आणि दोघांनी बसल्यावर निम्म्याच्या आसपास वाट संपावी, असा मी हिशेब धरतो. मी कडी पहिल्या खाचेवरून चौथ्यावर नेली, परत मोजलं, ५२ चे ४० झाले. निम्मे. हे पहिल्याच दिवशी मोजलं असतं तर नवा शॉकअप घ्यायची गरज नाही हे मला तेव्हाच कळलं असतं. हे मोजमाप मी पहिल्या जोडीच्या आधी केलं नाही, तिसरी घ्यायच्या वेळी केलं.

शेवटच्या खाचेवर नेऊनही दोघांच्या वजनाने निम्म्यापेक्षा बरीच जास्त गाडी बसत असेल, तर स्प्रिंग बदलणं आलं. आणि उलटही बघा: शेवटच्या खाचेवर रिकामी गाडी जराही बसत नसेल तर एकटे जाताना ती घोड्यासारखी उधळेल, चाकाला खड्ड्यात खाली उतरायला जागाच राहणार नाही.

बैलगाडीत माल मागे जास्त भरला की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं. मोटरसायकलचंही तेच. मागची बाजू बसली की पुढचं चाक हलकं होतं, हँडल भुरभुरतं, रात्री हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. समोरचे लोक वारंवार डिपर मारत असतील तर त्यांना शिव्या देण्याआधी आपली गाडी मोजा.

तेल जिवंत आहे का

गाडी स्टँडवरून उतरवा, सीटचा मागचा भाग जोरात दाबा आणि सोडा. एकदा वर येऊन शांत बसली तर ठीक. दोन-तीन झोके घेतले तर तेलाचं काम संपलं. शॉकअपच्या नळीवर काळी ओली धूळ चिकटलेली असेल तर सील गळतं आहे. कोरड्या फडक्याने पुसा, आठवडाभर चालवा, परत बघा.

एक परीक्षा मला खास आवडते. खराब रस्त्यावर ८-१० किलोमीटर चालवून थांबा आणि दोन्ही शॉकअपच्या नळीला बोट लावा. चालू शॉकअप कोमट लागतो, कारण तेल घुसळलं जाऊन तापतं. एक कोमट आणि दुसरा थंड असेल तर थंडवाला नुसता शोभेला आहे. बोट सायलेन्सरपासून जपून. मी एकदा चांगला फोड उठवून घेतला आहे.

मिस्त्री म्हणतील, "भरून देतो ना, कायले नवे घेता?" साध्या गाड्यांचे मागचे शॉकअप बहुतेक बंद डब्यासारखे असतात, उघडायच्या हिशेबाने केलेले नसतात. कापून, तेल भरून, वेल्डिंग मारून देणारे हुशार हात आपल्याकडे आहेत, पण दोन्ही बाजूंना सारखं काम होईल याची खात्री कोण देणार? मी भरून घेत नाही. आणि गॅसची डबी असलेल्या शॉकअपला तर कोणालाही गरम करू किंवा कापू देऊ नका. आत दाबाखाली नायट्रोजन असतो.

दुकानात

गाडीचं मॉडेल सांगून कंपनीचाच ओरिजिनल शॉकअप घेतला तर लांबी, बुश, तेल हे सगळं जमून आलेलं असतं. दोघांचं वजन गाडीला झेपेल इतपत असेल (झेपायची मर्यादा मॅन्युअलमध्ये किलोत दिलेली असते) तर माझं मत सरळ आहे: ओरिजिनल घ्या, खाच चौथी ठेवा, घरी जा. कायद्याने मागे एकच माणूस बसवता येतो. आईच्या मांडीवर भाचा आणि पुढे टाकीवर ४५ किलोची युरियाची चुंगडी, एवढ्यासाठी शॉकअप कोणतीच कंपनी बनवत नाही.

दुसऱ्या बनावटीचा घ्यायचाच असेल तर जुना शॉकअप काढून सोबत न्या. लांबी मोजायची वरच्या भोकाच्या मध्यापासून खालच्या भोकाच्या मध्यापर्यंत. 'थोडा लांब बसवा, गाडी उंच दिसते' हा मोह गावातल्या पोरांना फार. ५ मिमी इकडेतिकडे चालून जातं. २०-२५ मिमी लांब बसवला की साइड स्टँडवर गाडी जास्त कलते, डबल स्टँडवर चाक जमिनीला टेकतं, चेनचा कोन बदलतो आणि हँडल नको तेवढं चपळ होतं. आखूड बसवला तर फेंडर आणि टायरची भेट ठरलेली. भोकातल्या बुशाचा आतला व्यास आणि रुंदी जुन्याशी तंतोतंत जुळायला हवी. वॉशर घालून भागवणाऱ्याला नमस्कार करून बाहेर पडा.

मग स्प्रिंग. तिच्यावर आकडा लिहिलेला नसतो, पण तारेची जाडी बोलते. व्हर्नियर मिळाला तर मोजा. वेटोळ्यांचा घेर आणि संख्या सारखीच असेल तर ७ मिमी तारेच्या जागी ७.५ मिमी आली की स्प्रिंग साधारण एक तृतीयांशाने कडक होते, आणि ८ मिमी आली की सुमारे ७० टक्क्यांनी. डोळ्यांना तेवढ्या जाडीचा फरक दिसतही नाही. माझी पहिली जोडी ८ ची होती, हे मी नंतर मोजलं. आमच्या दोघांचं वजन मिळून १३० किलो. त्याला एवढी गरज नव्हती. तुमचं मोजमाप खरोखरच तोकडं पडलं असेल तर अर्ध्या मिलिमीटरच्या पुढे जाऊ नका.

आठवड्यातले पाच दिवस एकटे आणि दोन दिवस डबल सीट, असा ज्यांचा हिशेब आहे त्यांनी एका टोकाला दाट आणि दुसऱ्या टोकाला विरळ वेटोळ्यांची स्प्रिंग बघावी. दाट वेटोळी आधी दबून एकमेकांना टेकतात, तिथवर ती मऊ. पुढे वजन वाढलं की कडक. शिक्षक, ग्रामसेवक, दूधवाले अशा रोजच्या ये-जा करणाऱ्यांना हीच बरी पडते.

स्प्रिंग दाबून दाखवणारा दुकानदार तुम्हाला अर्धीच गोष्ट दाखवतो. तुम्ही दुसरी अर्धी बघा. शॉकअप खाली उभा धरून छातीच्या जोराने दाबा आणि हात सैल सोडा. तो सावकाश, ओढ घेत वर यायला हवा. चटकन टुणकन आला तर स्प्रिंग तेलाला ऐकत नाही, ठेवून द्या. जोडीतले दोन्ही असेच तपासा, एकाच वेगाने वर येतात का बघा. आणि घ्यायचे ते जोडीनेच. एक नवा, एक जुना ही काटकसर वळणावर महागात पडते.

गॅसवाल्यांबद्दल लोक फार विचारतात. गॅस वजन पेलत नाही, ते काम स्प्रिंगचंच. तेल जोरात घुसळलं की त्यात फेस होतो आणि फेसात दम नसतो. दाबाखालचा नायट्रोजन तो फेस होऊ देत नाही. आपल्या उन्हात, लांबच्या खराब रस्त्यावर त्याचा उपयोग आहे. पण स्वस्तातल्या कित्येक शॉकअपला बाहेर लावलेली रंगीत डबी नुसती दागिन्यासारखी असते. शिवाय डबी मोठी असली की साडीगार्डला अडते आणि दुकानदार म्हणतो, "काढून टाकू, काई फरक नाई पडत." फरक पडतो. हाताला धरायची जागा, फुटरेस्ट आणि निम्मं चाक झाकणारा गार्ड मागे बसणाऱ्यासाठी नियमानेच सक्तीचा आहे. लुगड्याचा पदर चाकात जाताना ज्याने एकदा पाहिलं आहे त्याला नियम सांगावा लागत नाही.

मागे एकच शॉकअप असलेली गाडी असेल तर मोजमाप तसंच करा, पण काढणं-घालणं जाणत्या मिस्त्रीकडे द्या. तिथला एकटा शॉकअप चिमट्याच्या जवळच्या भागावर बसतो, त्याच्यावर चाकापेक्षा कितीतरी जास्त जोर येतो आणि स्प्रिंगही तशीच दांडगी असते. जोडीवाल्या गाडीचे आकडे तिथे लावू नका.

बसवताना आणि त्यानंतर

डबल स्टँडवर घेऊन एका वेळी एकच शॉकअप काढा. दुसरा चिमटा धरून ठेवतो. बोल्ट आणि नटांवरचे गंज तारेच्या ब्रशने काढा, वॉशर ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने परत. उजवीकडे सायलेन्सर अडत असेल तर तो ढिला करा, शॉकअप वाकवून घुसवू नका. बसवल्यावर चेनकव्हर, साडीगार्ड, सायलेन्सर यांच्यापासून दोन्हीकडे मोकळी जागा आहे का ते दोघांनी बसून, गाडी दाबून बघा.

चेन विसरू नका. चिमटा वरखाली होतो तशी चेनची ढील बदलते आणि इंजिनकडचं सॉकेट (चेनचं दातेरी चाक), चिमट्याचा बोल्ट आणि मागचा आस एका रेषेत आले की चेन सगळ्यात ताणली जाते. मॅन्युअलमध्ये दिलेली ढील ठेवा, आणि मग दोघं बसल्यावर चेन बोटाने हलते आहे ना ते तिसऱ्या माणसाकडून तपासून घ्या. ताठ झाली असेल तर सॉकेट आणि बेअरिंग दोन्ही खाईल.

रात्री घराच्या भिंतीपासून पाच-सहा मीटरवर दोघं बसून हेडलाइट लावा आणि झोत कुठे पडतो ते बघून खाली घ्या.

मग ज्या रस्त्यावर तक्रार होती त्याच रस्त्यावर, त्याच माणसाला मागे बसवून, त्याच वेगाने जा. आम्ही दारव्ह्याच्या वाटेवरचा एक जुना मोरीचा चढ ठरवून ठेवला आहे. तिसऱ्या जोडीच्या वेळी, म्हणजे परत ओरिजिनलवर आलो तेव्हा, त्या मोरीवरून उतरल्यावर मी मागे वळून विचारलं, "काय म्हणतो शॉकअप?" आई म्हणाली, "मोरी गेली काय?"

१०० किलोमीटर झाले की चारही नट परत आवळा. मापं दर दिवाळीला एकदा घ्या, कारण स्प्रिंग वर्षानुवर्षं थोडी थोडी बसत जाते. माझी चारही मापं साइड पॅनलच्या आतल्या बाजूला मार्करने लिहिलेली आहेत, शेजारी खाचेचा नंबर आणि तारीख. मागच्या दिवाळीला दोघांचं माप ४ मिमीने उतरलेलं निघालं. खाच पाचवी केली. पुढच्या वर्षी आणखी उतरलं तर जोडी घ्यावी लागेल; तेव्हा जुना शॉकअप पिशवीत आणि आईला सोबत घेऊनच जाईन.